डायनॅमिक्सची लायसन्सं मोजायला बसलो तेव्हा

चाकणच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे खरेदी, स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच आणि हिशेब हे सगळं मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स ३६५ या सॉफ्टवेअरवर चालतं. फायनान्स आणि सप्लाय चेन अशी दोन्ही अॅप्स आहेत. आयटी म्हणजे मी आणि हाताखाली एक मुलगा. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की या अॅप्समध्ये प्रत्येक युजरचं लायसन्स आता सिस्टिमच तपासणार. आधी स्क्रीनवर सूचनेची पट्टी येणार, आणि त्यानंतरही लायसन्स लावलं नाही तर लॉगिन बंद. पुढे तारीख लांबली, तसा आमच्याकडे ‘बघू की’ म्हणून विषय थंडावला. मला तो थंड ठेवणं परवडणारं नव्हतं. महिनाअखेरीला कुणाचं पोस्टिंग (हिशेबात नोंद पक्की करणं) अडलं तर फोन माझाच वाजतो.

नियम यात नवीन काही नाही. प्रत्येक माणसाच्या नावावर लायसन्स हवं, हे करारात आधीपासून आहे. फक्त दारावर कुणी उभं नव्हतं. मी युजर तयार केला, रोल म्हणजे अधिकारांचा संच दिला की माणूस कामाला लागायचा. मायक्रोसॉफ्टच्या अॅडमिन सेंटरमध्ये त्याच्या नावावर लायसन्स टाकलंय की नाही, हे सिस्टिम विचारायची नाही. त्यातून आमच्याकडची जुनी मंडळी एएक्स २००९ या डायनॅमिक्सच्या जुन्या आवृत्तीच्या काळातली. तेव्हा एका वेळी आत किती जण आहेत यावर हिशेब व्हायचा. एएक्स २०१२ पासून तो माणसावर आला, पण ‘दुपारी लोक कमी असतात, चालून जाईल’ हे डोक्यातून गेलं नाही.

सिस्टिममधला लायसन्स मोजायचा जुना रिपोर्ट ढोबळ होता. तो फक्त पायरी सांगायचा: हा मोठ्या लायसन्सचा, हा मधल्या म्हणजे अॅक्टिव्हिटीचा, हा सगळ्यात लहान म्हणजे टीम मेंबर. मोठं म्हणजे फायनान्सचं की सप्लाय चेनचं, हे त्यातून कळायचं नाही. पॉवर प्लॅटफॉर्म अॅडमिन सेंटरमधला नवा रिपोर्ट उघडला आणि माणसागणिक लायसन्सची नावं दिसायला लागली. खरेदी खात्यातला मुलगा, जो दिवसभर पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतो आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) तपासतो, त्याच्यापुढे सप्लाय चेन आणि फायनान्स दोन्ही. गेटवरच्या आवक नोंदीवाल्याचंही तेच.

दर सांगतो, म्हणजे हे का बोचलं ते कळेल. ऑक्टोबर २०२४ च्या दरवाढीनंतर फायनान्स किंवा सप्लाय चेनचं पहिलं लायसन्स माणशी महिना २१० डॉलर, त्याच माणसाला दुसरं जोडून घेतलं तर आणखी ३० डॉलर. अॅक्टिव्हिटीचं ५० आणि टीम मेंबरचं ८. म्हणजे जो नुसता स्टॉक बघतो, तो ८ मध्ये भागतो की २४० मध्ये जातो, हे त्याच्या रोलवर ठरतं.

इथेच खरी गोम आहे. हिशेब वापरावर होत नाही, परवानगीवर होतो. तुमच्या रोलमध्ये जनरल लेजरचं (मुख्य खातेवहीचं) जर्नल पोस्ट करायचा अधिकार आहे, पण तुम्ही ते पान जन्मात उघडलेलं नाही, तरी लायसन्स लागतं ते पोस्ट करणाऱ्याचं. चाव्यांचा जुडगा कमरेला असेल तर सगळ्या खोल्यांचं भाडं, असा तो प्रकार. आणि हे जुडगे तयार कसे झाले? ‘त्याच्यासारखेच राइट्स द्या’ या एका मेलने. नवा माणूस आला की शेजारच्याचा रोल कॉपी. रोल सुरुवातीला इम्प्लिमेंटेशनच्या घाईत तयार रोलवरून उचललेले, त्यात दरवर्षी भर, काढणं कधीच नाही. बदली झालेल्या माणसाचा जुना रोलही तसाच अंगावर.

म्हणून लायसन्स विकत घेण्याआधी रोल साफ करायचे, असं मी ठरवलं. लायसन्स विकणाऱ्या पार्टनर कंपनीचा सेल्सवाला उलटं सांगत होता: आता रिपोर्टप्रमाणे घ्या, नंतर कमी करू. पण वर्षाच्या करारावर घेतलेली लायसन्सं पहिले सात दिवस गेले की मध्येच कमी करता येत नाहीत, रिन्युअलपर्यंत थांबावं लागतं. वाढवायची तर कधीही वाढवता येतात. हे एकदा सीएफओ साहेबांना दाखवलं आणि पार्टनरच्या घाईचा विषय मिटला.

साफ करताना सगळ्यात उपयोगी पडला टास्क रेकॉर्डर, म्हणजे स्क्रीनवरच्या कामाच्या पायऱ्या टिपून ठेवणारी सोय. स्टोअरच्या माणसाला शेजारी बसवून त्याचं रोजचं काम रेकॉर्ड केलं: माल आला, पावती केली, जागा बदलली, इश्यू केला. मग सिक्युरिटी डायग्नोस्टिक्समध्ये ते रेकॉर्डिंग टाकलं, की त्या कामाला नेमके कोणते अधिकार लागतात ते दिसतं. त्यावरून नवा लहान रोल. आमच्या स्टोअर सुपरवायझरने रेकॉर्डिंग संपल्यावर विचारलं, “साहेब, एवढंच करतो मी?” मी म्हटलं, “सिस्टिममध्ये एवढंच. बाकीचं तुम्ही फोनवर करता.”

भांडणं झाली ती खात्यांच्या प्रमुखांशी. प्रत्येकाला ‘सगळं दिसलं पाहिजे’. दिसणं आणि बदलता येणं यांत फरक आहे, हे सांगताना घसा बसला. नुसतं बघायला बहुतेक ठिकाणी टीम मेंबर पुरतं. एका मॅनेजरांनी अधिकार काढला म्हणून मानपानाचा प्रश्न केला. त्यांना त्यांच्याच कॉस्ट सेंटरवर (खात्याच्या खर्चात) लायसन्सचा खर्च टाकायची तयारी दाखवली, तर दुपारपर्यंत ‘बघायचं दिलं तरी चालेल’ असा मेल आला.

शॉप फ्लोअर वेगळं प्रकरण. तिथे एकच लॉगिन तिन्ही शिफ्टला फिरत होतं आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. लायसन्स नावाचं असतं, ते असं फिरवता येत नाही. यासाठी डिव्हाइस लायसन्स आहे: एका मशीनवर पाळीपाळीने कितीही जण काम करोत. उत्पादनाच्या स्क्रीनवर कामगार आपला बॅज नंबर टाकतो, त्यामुळे कुणी काय नोंदवलं हेही राहतं. प्रॉडक्शनवाले आधी कुरकुरले. मग आमच्या सीएंनी आठवण करून दिली की १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) सक्तीची आहे आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. नोंद कुणी बदलली याचं उत्तर ‘स्टोअर-१’ असं सगळ्यांचं एकच लॉगिन असेल तर त्या ट्रेलचा काय उपयोग? माझ्या लायसन्सच्या रडगाण्यापेक्षा या एका वाक्याने जास्त काम केलं.

एक चतुर सूचनाही आली. दहा जणांनी बाहेरच्या फॉर्ममध्ये भरायचं आणि एकाच लॉगिनने ते सिस्टिममध्ये जायचं. याला लायसन्सच्या भाषेत मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि त्याने लागणारी लायसन्सं कमी होत नाहीत. मध्ये कितीही पायऱ्या घाला, पलीकडचे दहा जण मोजलेच जातात.

रोल बदलल्यावर आम्ही ते आधी टेस्ट सिस्टिममध्ये घातले आणि एक अख्खी महिनाअखेर टेस्टवर करून पाहिली. त्यात जे अडलं, ते बहुतेक डिस्पॅचच्या इन्व्हॉइसपाशी. मग लायसन्सची ऑर्डर दिली. लायसन्सं एकेकाला न लावता ग्रुपवर लावली: स्टोअर, खरेदी, हिशेब असे ग्रुप. माणूस ग्रुपमधून बाहेर पडला की लायसन्स आपोआप मोकळं, एचआरच्या मेलची वाट बघायला नको.

‘त्याच्यासारखेच राइट्स द्या’ हा मेल अजूनही येतो. मी तो परत पाठवतो, सोबत एक कोरा तक्ता: हा माणूस काय बदलणार, काय नुसतं बघणार, आणि खर्च कोणत्या कॉस्ट सेंटरवर टाकायचा. शेवटचा रकाना भरायला लोक सगळ्यात जास्त वेळ घेतात.