सुकलेल्या माठाचा आकडा

१०० ग्रॅम लाल माठ ७० अंशांवर ओव्हनमध्ये दोन दिवस ठेवला, की जेमतेम नऊ ग्रॅम उरतो. बाकीचे सगळे पाणी असते. भाजीपाला तपासण्याच्या आमच्या कामात ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते आणि नोंदवहीत प्रत्येक नमुन्यासमोर ओले वजन व सुके वजन असे दोन स्वतंत्र रकाने असतात. तरीही गेल्या फेब्रुवारीत आमच्याच एका तक्त्यात या दोन वजनांची गल्लत झाली आणि तिची किंमत पूर्व उपनगरात नाल्याकाठी भाजी पिकवणाऱ्या एका बाईंनी मोजली.

मुंबईला लागणारी बहुतेक भाजी नाशिक-पुण्याकडून रात्रीच्या गाड्यांनी वाशीच्या बाजारात येते. थोडा भाजीपाला मात्र शहरातच पिकतो. लोकलच्या खिडकीतून रुळांशेजारी दिसणारे पालक-मुळ्याचे वाफे सर्वांच्या परिचयाचे आहेत. रेल्वेने आपली मोकळी जमीन ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिलेली होती. नाल्यांच्या काठीही अशीच शेती चालते. या भाजीला ‘गटाराची भाजी’ म्हणून नाक मुरडण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती मला पटत नाही. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असते, त्यामुळे या शेतकऱ्यांना युरिया फारसा विकत घ्यावा लागत नाही. सकाळी काढलेली जुडी ट्रकचे डिझेल न जाळता दहा वाजेपर्यंत गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते. प्रश्न आहे तो त्या पाण्यातून आणखी काय येते, याचा. आमच्या प्रकल्पात म्हणूनच दोन भाग होते: जड धातू आणि रोगजंतू. धातूंच्या वाट्याला महागडे यंत्र आले आणि जंतूंच्या वाट्याला एक जुना सूक्ष्मदर्शक, एक विद्यार्थिनी आणि मी. निधी देणाऱ्यांना शिशाचे नाव ऐकू येते, जंताचे येत नाही, हे मी बारा वर्षे पाहत आले आहे.

१७ क्रमांकाचा नमुना ज्यांच्या वाफ्यातला, त्या मावशी मूळच्या जालना जिल्ह्यातल्या. माठाचे बी राजगिऱ्यासारखे बारीक, काळे आणि चकचकीत असते. नुसते फेकले तर एकाच जागी पडते, म्हणून त्या ते मूठभर वाळूत कालवून फोकत. नाल्यालगत कमरेइतका खड्डा खणून त्यात पाणी झिरपू दिलेले होते आणि त्यात उतरून, दोन्ही हातांतल्या झाऱ्या बुडवून त्या सहाही वाफ्यांना पाणी देत. पीक पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी तयार होई. चार वर्षांचा नातू दिवसभर त्याच वाफ्यांमध्ये अनवाणी खेळत असे.

प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. लोखंडी विळीने कापलेला नमुना आम्ही स्वीकारत नाही. पाने हातमोजे घालून खुडली जातात. प्रत्येक नमुन्याचे दोन वाटे होतात. एक वाटा तसाच सुकवला जातो आणि दुसरा, घरोघरी धुतात तसा, तीन पाण्यांतून धुऊन मग सुकवला जातो. यामागचा विचार साधा आहे: शिसे बरेचसे धुळीतून येऊन पानावर बसते आणि धुण्याने त्यातले पुष्कळ निघून जाते, कॅडमियम मुळांवाटे पानात चढते, ते कितीही धुतले तरी जात नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण शिसे कुजत नाही की विरघळून नाहीसे होत नाही, त्यामुळे रस्त्याकडेच्या मातीत ते अजून आहे आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत तीच माती उडून पानांवर येते. काचेची व टेफ्लॉनची भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवायची, अर्धा ग्रॅम भुकटी आम्लात पचवायची, पन्नास मिलिलिटरपर्यंत अतिशुद्ध पाणी घालायचे आणि नमुन्यांच्या प्रत्येक फेरीत एक कोरा (म्हणजे भाजी न घातलेला) नमुना व एक प्रमाणित पालकाची भुकटी लावायची. त्या भुकटीतले धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक असते. यंत्राने ते बरोबर ओळखले तरच त्या दिवसाचे आकडे धरायचे. १७ क्रमांकाच्या दिवशी यंत्राने ते बरोबर ओळखले होते. आकडा चुकीचा नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

न धुतलेल्या वाट्यात किलोला २.१ मिलिग्रॅम शिसे निघाले. पालेभाज्यांसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा ०.३ आहे. बैठकीसाठी केलेल्या तक्त्यात हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले गेले आणि पडद्यावर मावशींचा वाफा सातपट विषारी ठरला. पण मर्यादा आहे ती ताज्या, ओल्या भाजीसाठी, आणि आमचा २.१ होता सुकलेल्या भुकटीचा. नऊ शतांशांनी गुणले की तोच आकडा ०.१९ होतो, म्हणजे मर्यादेच्या आत. धुतलेल्या वाट्याचा तर ०.११. लहान मुलाच्या रक्तात शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच, त्यामुळे ०.१९ला मी निर्धोक म्हणणार नाही. पण सातपट आणि मर्यादेच्या आत यांत जो फरक आहे, तो कुणाची शेती राहते आणि कुणाची जाते, एवढा मोठा आहे.

तक्ता मी केला नव्हता. पण मी खोलीत होते. तिसऱ्या रांगेत बसून मी तो पाहिला, गुणाकार मनातच केला आणि समोर वेगवेगळ्या कार्यालयांतून आलेली वीस माणसे असताना तक्ता दाखवणाऱ्या आमच्या सरांना मध्येच कसे थांबवायचे, या विचारात पडद्यावरचे चित्र बदलले. दोघा-तिघांनी तोवर मोबाईलवर फोटो काढले होते. चहाच्या वेळी मी सरांना बाजूला घेऊन सांगितले. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांचा चेहरा उतरला आणि अंतिम अहवालात दुरुस्ती करू, असे त्यांनी लगेच कबूल केले. अहवाल येणार होता एप्रिलमध्ये. फोटो त्याच संध्याकाळी कुठे कुठे पोहोचला असेल, याचा विचार आम्हा दोघांपैकी कुणीही केला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मी पाण्याचे नमुने घ्यायला गेले, तेव्हा सहापैकी एकही वाफा उरला नव्हता. जागा ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, त्याची माणसे आदल्या दिवशी यंत्र घेऊन येऊन गेली होती. खड्डा बुजवलेला होता, माठाची लाल मुळे मातीच्या ढिगातून वर आली होती आणि मावशी त्यातली बरी पाने निवडून पदरात गोळा करत होत्या.

“ताई, तुमच्या मशिनीनं सांगितलं म्हणं, इख हाय यात,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपे गेले असते. “मग आम्ही रोज खातो ते? हा पोरगा खातो ते?”

मी त्यांच्याजवळ मातीवर बसले आणि ओले-सुके वजन समजावून सांगितले. मला वाटले होते, अवघड जाईल. पण ज्या बाईने आयुष्यभर वाळवणे घातली आहेत, तिला पाणी आटल्यावर जिन्नस किती उरतो आणि त्याची चव किती दाट होते, हे मी काय सांगणार? दुसऱ्या वाक्यालाच त्या म्हणाल्या, “म्हंजी सांडग्याचा हिशोब भाजीला लावला.” बैठकीतल्या वीस जणांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता.

मग मी त्यांना दुसऱ्या भागाबद्दल सांगितले, ज्याचा तक्ता बैठकीत दाखवायला वेळच उरला नव्हता. त्यांच्या खड्ड्यातल्या पाण्यात मला जंताची अंडी सापडली होती. पाणी रात्रभर स्थिर ठेवून तळचा गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि झिंक सल्फेटच्या द्रावणावर तरंगवला, की ती भिंगाखाली येतात: तपकिरी, गोल, खडबडीत कवचाची. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला एक अंडे अशी आहे आणि तेवढी अंडी मला पहिल्याच काचपट्टीवर दिसली होती. ही अंडी मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात. माठ शिजवून खाल्ला जातो, त्यामुळे विकत घेणाऱ्याला धोका कमी. खरा धोका पाण्यात उतरणाऱ्या मावशींना आणि वाफ्यात खेळून त्याच हातांनी भाकरी खाणाऱ्या नातवाला होता. त्याला १० फेब्रुवारीला अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळाली होती. गोळीने पोटातले जंत जातात, वाफ्यातली अंडी जात नाहीत.

आणि यावर उपाय आहे, हेच मला सर्वांत जास्त लागते. अंडी पाण्यापेक्षा जड असतात. पिंपात पाणी रात्रभर न ढवळता ठेवले आणि वरचे तेवढेच वापरले, तर बरीचशी अंडी तळाशी बसतात. घानामधल्या शहरी शेतकऱ्यांबरोबर यावर चांगले काम झालेले आहे. खड्ड्यात उतरून तळ ढवळू नये, एवढ्या साध्या गोष्टीनेही तिथे फरक पडला. पायात गमबूट, कापणीआधी एक-दोन दिवस पाणी बंद, घरी आल्यावर साबणाने हात धुणे, यांपैकी कशालाही बुलडोझर लागत नाही.

मावशींनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग पाणी बंद करण्यावर बोट ठेवले. “दोन दिस पाणी तोडलं तर माठ मान टाकतो. मान टाकलेली जुडी दहा रुपयाला बी कोण घील?” याचे उत्तर मार्गदर्शक पुस्तिकेत नाही आणि माझ्याकडेही नव्हते.

दुरुस्तीचे पत्र आम्ही त्याच आठवड्यात पाठवले. पोचपावतीवर शिक्का आहे. उत्तर अजून आलेले नाही. वाफे पुन्हा झाले नाहीत. मावशी आता दोन इमारतींमध्ये धुण्याभांड्यांची कामे करतात.

नाल्याच्या पलीकडच्या काठावर तीन कुटुंबे अजून भाजी लावतात. त्यांच्यापैकी एकाकडे आम्ही २०० लिटरचे निळे पिंप बसवले आणि तळापासून वीतभर उंचीवर नळ काढला. पहिल्या मोजणीत वरच्या पाण्यात अंडी दिसली नाहीत, तेव्हा मी मावशींना फोन केला. त्यांनी नळ किती उंचीवर आहे, एवढेच विचारले.

“वीतभर,” मी म्हणाले.

“दोन विती घ्या. पावसाळ्यात वीतभर तर नुसता गाळच बसतो.”

शनिवारी जाऊन आम्ही जुने भोक बुजवले आणि नळ दोन विती उंचीवर घेतला.