पांढरा प्लग

आज दुपारभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजवर. जुनी कार्ब्युरेटरवाली बुलेट, त्यावर नवा मोकळा सायलेन्सर. आवाज नाद खुळा! पण थ्रॉटल सोडला की फटाके, अन् चढाला दम नाही. मिस्त्रीमामांनी आधी स्पार्क प्लग काढला, पांढराफटक. "पेट्रोल कमी पडतंय भावा." मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा घातला. ओढ आली, फटाके तसेच! कारण मेन जेटचं खरं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढं. थ्रॉटल मिटला की पेट्रोल पायलट जेट या छोट्या जेटमधनं येतं. मग तोही बदलला, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू मामांनी आवाज ऐकत कानानं जुळवला, इंजिनातनं सायलेन्सरकडं जाणाऱ्या बेंड पाइपचं गॅस्केट नवं टाकलं, म्हणजे फटीतनं हवा शिरायला नको. पन्हाळ्याच्या चढाला गाडी तिसऱ्यात सरळ वर. प्लग आता बदामी, म्हणजे पेट्रोल बरोबर. डीबी किलर (सायलेन्सरमधला आवाज कमी करणारा तुकडा) मात्र मामांनी काढू दिला नाही, बरंच झालं. एफआयवाल्यांनो (फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यावाल्यांनो), तुमच्यात जेटच नाहीत, ईसीयूचं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग बघा.