ऑस्टिनमधले ते सतरा यार्ड

१४ जानेवारी २०२० ही भोगीची सकाळ होती. स्वयंपाकघरात तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या आणि मी पुण्यातल्या आमच्या घरी लॅपटॉपसमोर बसून न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये आदल्या तारखेच्या रात्री चाललेला सामना पाहत होतो. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, आणि क्लेमसन यांच्यातली, विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमधली ती अंतिम लढत होती. या खेळाचे वेड मला एलएसयूच्या गावी, बॅटन रूजला शिकणाऱ्या भाच्याने लावले. "मामा, पायाने मारायचा फुटबॉल तू विसर, चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकायची, एवढेच लक्षात ठेव," असे त्याने फोनवर सांगितले होते आणि सुरुवातीला तेवढे पुरलेही.

२०१९ च्या त्या मोसमातला एलएसयूचा आकडा सर्वांना ठाऊक आहे: १५ सामने, १५ विजय. मला मात्र त्या आकड्यापेक्षा संघाने स्वतःचा स्वभाव बदलला याचे अप्रूप अधिक वाटते. एलएसयूची ओळख भक्कम बचाव आणि चेंडू हातात घेऊन समोरच्या गर्दीत घुसण्याचा सावध खेळ अशी होती. २०११ च्या मोसमात याच पद्धतीने त्यांनी सलग १३ सामने जिंकले आणि मग याच सुपरडोममध्ये अलाबामाकडून २१-० अशी हार पत्करली. त्या दिवसापासून अलाबामाविरुद्ध ओळीने आठ पराभव झाले. बायू लाफोर्शच्या काठी वाढलेले, घोगऱ्या आवाजाचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी २०१९ च्या आरंभी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाच्या ताफ्यातून जो ब्रेडी या तरुण प्रशिक्षकाला आणले, अनुभवी स्टीव्ह एन्समिंगर यांच्या जोडीला बसवले आणि मैदानभर खेळाडू पसरून चेंडू फेकण्याची पद्धत स्वीकारली.

ती राबवणारा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, जो बरो हा ओहायो स्टेटमध्ये राखीव बाकावर बसून, पदवी घेऊन, २०१८ मध्ये इकडे आलेला मुलगा. पहिल्या वर्षी त्याचे टचडाउन पास, म्हणजे शेवटच्या रेषेपार पोचून गुण देणारे फेक, होते १६. दुसऱ्या वर्षी ६०, आणि अचूकता ७६ टक्क्यांच्या पुढे.

पद्धत बदलणे आणि अडचणीच्या क्षणी तिच्यावर विसंबणे यांत अंतर असते, आणि म्हणूनच ७ सप्टेंबरचा ऑस्टिनमधला टेक्सासविरुद्धचा सामना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एलएसयू ३७-३१ अशी पुढे होती, अडीच-तीन मिनिटे उरली होती, तिसरा प्रयत्न होता आणि आधी मागे जावे लागल्याने दहाऐवजी सतरा यार्ड हवे होते. जुन्या एलएसयूने येथे घड्याळ पळू दिले असते, चेंडू लाथेने दूर पाठवला असता आणि उरलेले काम बचावावर सोपवले असते. टेक्सासचे खेळाडू धावून आले, बरोने अंगावर येणाऱ्यांतून जागा काढली आणि चेंडू जस्टिन जेफरसनकडे फेकला. जेफरसन तो घेऊन थेट शेवटच्या रेषेपार गेला. ६१ यार्डांचा टचडाउन झाला. अंतिम धावफलक ४५-३८ असा राहिला. (धावफलक हा शब्द येथे बसत नाही, हे मला कळते, पण क्रिकेटची सवय जात नाही.) ती चाल मी किती वेळा मागे नेऊन पाहिली, याची गणती नाही.

पुढे ९ नोव्हेंबरला टस्कलूसा येथे अलाबामावर ४६-४१ असा विजय मिळाला आणि आठ वर्षांचे ओझे उतरले. डिसेंबरमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूचे हाइझमन पारितोषिक घेताना बरोने ओहायोतल्या आपल्या अथेन्स परगण्यातील गरिबीचा आणि शाळेतून उपाशीपोटी घरी परतणाऱ्या मुलांचा रडत रडत उल्लेख केला, आणि तेथील अन्नपेढीसाठी थोड्याच काळात पाच लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. २८ डिसेंबरला अटलांटात ओक्लाहोमाविरुद्धचा उपांत्य सामना त्यांनी ६३-२८ असा जिंकला. त्याच दिवशी सकाळी एन्समिंगर यांची सून लुइझियानातील विमान अपघातात मरण पावली होती. ते कळल्यानंतरही त्यांनी वरच्या कक्षात बसून संघाच्या चाली ठरवल्या. हे वाचल्यावर त्या ६३ गुणांकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

अंतिम सामन्यात क्लेमसनने १७-७ अशी आघाडी घेतली तेव्हा मी भाच्याला चिंतेचा संदेश पाठवला. सलग २९ सामने जिंकलेला तो संघ होता. पण मध्यंतरापर्यंत एलएसयू २८-१७ अशी पुढे गेली आणि शेवटी ४२-२५ अशी जिंकली. जमार चेसने एकट्याने २२१ यार्ड मिळवले. तोवर भाकरी गार झाली होती.

त्या वसंतात एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी एलएसयूचे १४ खेळाडू उचलले आणि ब्रेडीही व्यावसायिक फुटबॉलकडे परतले. सप्टेंबरमध्ये नव्या मोसमाचा पहिलाच सामना एलएसयू घरच्या मैदानावर मिसिसिपी स्टेटकडून ४४-३४ अशी हरली. त्या रात्री भाच्याचा फोन आला नाही.