सदाफुलीचा रस

"सदाफुलीपासूनच कॅन्सरचं औषध निघतं ना? मग नानांना रोज पाच पानांचा रस देतोय."

चोपड्याच्या एका मुलाचं हे बोलणं आज डोक्यातून जातच नाहीये. नानांच्या फुप्फुसात गाठ आहे, केमो चालू आहे.

मुलाचं अर्धं खरं आहे. व्हिनोरेलबिन हे केमोचं औषध सदाफुलीतल्या अल्कलॉइडांपासूनच (वनस्पतीतल्या तीव्र रसायनांपासून) तयार करतात. ते पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीच्या विभाजनाला लागणारे धागे बनूच देत नाही. पेशी दुभंगता दुभंगता अडकते. मग मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाघरातून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, आधी कॅस्पेस-९, त्यामागून कॅस्पेस-३ ही प्रथिनं तोडणारी एन्झाइमं कामाला लागतात आणि पेशी आतूनच स्वतःला मोडते.

पण सदाफुलीतल्याच व्हिनब्लास्टिन या कॅन्सरच्या औषधाच्या १ ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात! पाच पानांत काय येणार? बाकीची अल्कलॉइडं मात्र पोटात जातात, त्यांनी साखर आणि बीपी घसरू शकतं. केमोत आधीच खाणं कमी असतं, हे विसरू नका.

खरं औषध उंची-वजनावरून मोजून, पांढऱ्या पेशी तपासून देतात. शिरेबाहेर गळलं तरी कातडी होरपळते, इतकं ते जहाल.

तुमच्या घरी असा रस किंवा काढा चालू असेल, तर केमोच्या डॉक्टरांना सांगितलंय का?