टिकाल: गाइड न घेता, गर्दीच्या उलट वाटेनं

ग्वाटेमालातल्या टिकालला जाऊन आल्याचं कळलं की लोक सगळ्यात आधी विचारतात, गाइड घ्यावा का? सूर्योदय बघायचा असेल तर घ्यावाच लागतो, कारण सकाळी सहाच्या आधी त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. एरवी चांगले बूट, फोनमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा आणि निघण्याआधी केलेलं थोडं वाचन एवढ्यावर मजेत भागतं. खरी मेख आहे ती फिरण्याच्या क्रमात.

माया लोकांचं हे शहर देशाच्या उत्तरेला, पेटेनच्या जंगलात आहे. राष्ट्रीय उद्यान ५७६ चौरस किलोमीटरचं, त्यात अवशेषांचा मुख्य भाग सुमारे १६ चौरस किलोमीटर. फ्लोरेसहून येणाऱ्या व्हॅन साधारण आठनंतर माणसं आणून ओततात. बहुतेक जण सरळ मुख्य चौक गाठतात, तिथे भरपूर वेळ घालवतात आणि मग ऐन उन्हात चौथ्या मंदिराच्या पायऱ्या चढायला घेतात. मी, बायको आणि तिची सत्तरीतली मावशी, आम्ही नेमकं उलटं केलं. लांबचं सगळं आधी, चौक शेवटी. तुम्हीही असंच करा असं आग्रहानं सांगेन.

ग्वाटेमाला सिटीहून फ्लोरेसला विमान तासाभरात पोचवतं. रात्रीच्या बसनं तोच प्रवास आठ-दहा तासांचा होतो. फ्लोरेस म्हणजे पेटेन इत्सा तलावातलं इवलंसं बेट, भराव घातलेल्या रस्त्यानं किनाऱ्याला जोडलेलं. इत्सा मायांची राजधानी नोहपेतेन याच बेटावर होती आणि ती स्पॅनिशांच्या हाती पडली थेट १६९७ च्या मार्चमध्ये, म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा. ‘माया संस्कृती हजार वर्षांपूर्वी गूढपणे नाहीशी झाली’ असं जे सर्रास लिहिलं जातं त्यावर फुली मारायला एवढं पुरे. शहरं ओस पडली. माणसं कुठे गेली नाहीत. ग्वाटेमालात आजही लाखो लोक माया भाषा बोलतात.

फ्लोरेस ते टिकाल सुमारे ६५ किलोमीटर, दीड तास. मुक्काम तीन ठिकाणी करता येतो: फ्लोरेस (स्वस्त, गजबज, खाण्यापिण्याची चंगळ), अर्ध्या वाटेवरचं एल रेमाते हे गाव, किंवा थेट उद्यानात, अवशेषांच्या तोंडाशी. तिथे तीनच हॉटेलं आहेत, दर चढे आहेत आणि वीज ठरावीक वेळच असते, तेव्हा फोन मिळेल तेव्हा चार्ज करून घ्या. तरीही सोबत वयस्कर माणूस असेल तर आतच राहा. पहाटे साडेतीनला व्हॅनसाठी उठणं वाचतं आणि दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येते.

परदेशी पाहुण्यांना तिकीट आम्ही गेलो तेव्हा १५० केत्झाल होतं. सूर्योदय किंवा सूर्यास्ताचे प्रत्येकी १०० वेगळे. दर निघण्याआधी पुन्हा बघून घ्या. तिकिटावर नाव घालतात, त्यामुळे पासपोर्ट जवळ हवा. तिकीटघर आहे बाहेरच्या फाटकावर आणि अवशेष तिथून १७ किलोमीटर आत. मुक्काम आत असेल तर दुसऱ्या दिवसाचं तिकीटही जमल्यास तिथेच उरका. रोकड फ्लोरेस किंवा त्याच्या समोरच्या किनाऱ्यावरच्या सांता एलेनालाच काढून घ्या, टिकालमध्ये एटीएम नाही. फाटकापासूनच्या रस्त्यावर जग्वार, साप आणि रानटर्कीपासून जपून चालवा अशा पाट्या आहेत. टर्की तर हॉटेलच्या अंगणातच भेटली, मोरासारखे डोळे असलेल्या पिसांची, अजिबात न बुजणारी.

सहाला आत शिरलो. सुरुवातीलाच सेइबाचं प्रचंड झाड लागतं, आपल्याकडची पांढरी सावर ती हीच. मायांचं हे पवित्र झाड आणि ग्वाटेमालाचा राष्ट्रवृक्ष. पुढे वाट फुटते. डावीकडची चौकाकडे जाते, आपण उजवीकडची धरायची.

पहिला लागतो संकुल ‘क्यू’. एकमेकांकडे तोंड केलेले दोन सारखे पिरॅमिड, मध्ये पटांगण. सुमारे वीस वर्षांचा कालखंड पुरा झाला की टिकालचे राजे असं एक संकुल उभारत. हे ७७१ सालचं. पूर्वेकडच्या पिरॅमिडसमोर कोऱ्या शिळांची रांग आहे, प्रत्येकीपुढे एक गोल दगडी वेदी. उत्तरेच्या बिनछपराच्या खोलीत कोरीव शिळा आहे, तिच्यावरचा राजा हातातून काहीतरी खाली सोडताना दिसतो.

तिथून ‘आर’ संकुल, मग उत्तरेचा ‘एच’ गट आणि त्यानंतर मॉडस्ले मार्गानं चौथं मंदिर. हे मार्ग मायांनीच बांधलेले, भराव घालून उंच केलेले. नावं मात्र नंतर इथे काम केलेल्या माणसांची. सकाळी या भागात जवळपास कोणी नसतं. हाउलर माकडांची गर्जना मात्र असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं वाघच आला. निघतो तो आवाज कुत्र्याएवढ्या प्राण्याच्या गळ्यातून. झाडांखाली उभं राहून वर बघू नका, ती वरून प्रसाद देतात.

याच वाटेवर एका जाड बुंध्यावर तिरक्या खाचा दिसल्या, एकीखाली एक, कडा फुगून जुन्या झालेल्या. ते झाड चिकूचं. चिकू मूळचा याच भागातला. त्याच्या चिकापासून च्युइंगम बनायचं आणि तो चीक काढणारी माणसं हे जंगल कोळून प्यायलेली असत. पेटेनमधले कितीतरी अवशेष बाहेरच्या जगाला त्यांच्यामुळे कळले. शिवाय टिकालच्या मंदिरांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्याच लाकडाच्या आहेत. साडेबाराशे वर्षं या दमट हवेत टिकलेलं लाकूड! कोरीव तुळयांपैकी काही १८७७ मध्ये काढून नेल्या, त्या आता स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात आहेत. मावशींचं माहेर घोलवडचं. बुंध्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “आम्ही नुसती फळंच खात बसलो.”

चौथं मंदिर सुमारे ६५ मीटर उंच, टिकालमधलं सर्वांत उंच. यिकिन चान काविल या राजाच्या काळात, ७४१ च्या सुमारास ते बांधलं. वेरूळचं कैलास लेणं त्यानंतर काही दशकांनी सुरू झालं. चढायला बाजूनं लाकडी जिना आहे, कठडा धरून, मधल्या टप्प्यांवर थांबत मावशीसुद्धा वर आल्या. गुडघे दुखत असतील तर उतरतानाचा वेळ जास्त धरा. वर तोंड पूर्वेकडे करून बसायचं: खाली सलग जंगल आणि त्यातून वर आलेले तीन दगडी माथे, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मंदिराचे. सूर्योदयाच्या सहलीसाठी लोक जादा पैसे भरतात, पण कित्येकदा धुक्यात काहीच दिसत नाही. सात-साडेसातला धुकं विरायला लागतं तेव्हा तिथे असणं मला तरी जास्त फायद्याचं वाटलं.

पुढे आग्नेयेला मुंदो पेर्दिदो (‘हरवलेलं जग’) हा बांधकामांचा गट. इथला मोठा पिरॅमिड ३० मीटरच्या आसपास, टिकालच्या फार जुन्या बांधकामांपैकी. त्याच्या पूर्वेला एक लांबट चौथरा आहे; दोन्ही मिळून सूर्य कुठे उगवतो यावर नजर ठेवायची सोय. शेजारी एक बांधकाम तिरकी भिंत आणि उभी चौकट या पद्धतीचं आहे, ही शैली हजारभर किलोमीटर दूरच्या मेक्सिकोतल्या तेओतिवाकानची. ३७८ च्या जानेवारीत सियाह काक नावाचा सरदार पश्चिमेकडून टिकालला आला आणि त्याच दिवशी इथला राजा मेला. कसा, ते शिलालेख सांगत नाहीत, पण त्यानंतर गादीवर आलं ते तेओतिवाकानशी नातं असलेलं नवं घराणं. हा इतिहास माहीत असेल तर या भागात तासभर सहज जातो, नसेल तर दहा मिनिटांत उरकेल.

सात मंदिरांचा चौक, मग पाचवं मंदिर: ५७ मीटर, समोर छातीत धडकी भरवणाऱ्या पायऱ्या. चढायला बंदी आहे आणि ते बरंच आहे.

इथून चौकाकडे येताना, राजवाड्यांच्या दक्षिणेला, एक झाडीनं भरलेला खोलगट भाग लागतो. सगळे तो न बघता पुढे जातात. तो राजवाड्याचा तलाव होता. टिकालजवळ नदी नाही, जमीन चुनखडीची, पाणी धरत नाही. म्हणून चौकांना चुन्याचा गिलावा करून ते उताराचे ठेवले आणि पावसाचं पाणी तलावांत वळवलं. हजारो माणसांचं शहर त्या साठ्यावर कोरडे महिने काढायचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार इथल्या कोरिएंताल तलावात झिओलाइट या खनिजाचे आणि स्फटिकाचे कण वापरून पाणी गाळत होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात राजवाड्याजवळच्या तलावांच्या गाळात पारा सापडला. इमारती आणि थडगी रंगवायला हिंगूळ हे पारा असलेलं लाल खनिज वापरत, तो पारा पावसात धुऊन पिण्याच्या पाण्यात उतरला असावा. मला आख्ख्या टिकालमध्ये हा खड्डा सगळ्यात जास्त विचारात पाडणारा वाटला.

आता मुख्य चौक. पहिलं मंदिर ४७ मीटर. त्याच्या पोटात हासाव चान काविलचं थडगं १९६२ मध्ये मिळालं. ६९५ मध्ये कालाकमुल या प्रतिस्पर्धी माया शहराला हरवून टिकालला पुन्हा वर काढणारा हा राजा. त्यावर चढता येत नाही. समोरच्या दुसऱ्या मंदिराला (३८ मीटर, त्याच्या राणीचं म्हणतात) मागच्या बाजूनं जिना आहे; पहिल्या मंदिराचा नेहमीचा फोटो तिथूनच निघतो. उत्तरेकडच्या बांधकामांसमोर शिळांच्या रांगा आहेत, आपल्याकडे देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात तशा. तिथेच गवती छपराखाली भिंतीत माणसाहून उंच मुखवटा आहे आणि जवळच्या अंधाऱ्या बोळात आणखी एक. त्यासाठी टॉर्च न्याच.

चौकाच्या मध्यात राखेनं भरलेलं गोल अग्निस्थान दिसेल. आजचे माया लोक इथे कोपाल नावाचा धूप जाळून विधी करतात. कुणी विधी करत असेल तर लांब उभं राहा, कॅमेरा खाली.

सहावं मंदिर एका टोकाला आहे. त्याच्या माथ्याच्या मागच्या अंगावर भलामोठा लेख कोरलाय, पण तो झिजलाय. वाट निर्मनुष्य असते, एकट्यानं जाऊ नका. आम्ही सोडलं. एवढा फेरा आठ-दहा किलोमीटरचा होतो.

बाकी किरकोळ. कोरडे महिने नोव्हेंबर ते एप्रिल, त्यात मार्च-एप्रिल भाजून काढतात. पावसाळ्यात चुनखडीच्या पायऱ्यांवर शेवाळं येतं, तेव्हा सपाट तळव्याच्या चपला नकोत. डासांचं मलम आणि पूर्ण बाह्या हव्यातच. माणशी दोन लिटर पाणी घ्या. जेवण: काळे घेवडे, भात, मक्याच्या तोर्तिया, अंडी, तळलेली केळी. शाकाहारी मंडळींनी घेवड्यात डुकराची चरबी आहे का ते विचारायचं, ‘सिन मान्तेका’ म्हटलं की समजतं. दशमी, चिवडा, लोणचं यांनी पहाटेची भूक भागते. डबा मात्र कोआटींसमोर उघडू नका, लांब शेपटीची ही जनावरं टोळीनं येतात आणि पिशवीची चेन उघडतात.

आणि परतीची व्हॅन फ्लोरेसहून निघतानाच ठरवा. दुपारनंतर त्या कमी होतात, मग टॅक्सीवाला सांगेल तो दर.