बाउंटीची लाँच, १:२४ : फळ्या पूर्ण, आता आतली मांडणी

बाउंटी या ब्रिटिश जहाजावरच्या मोठ्या होडीचं, म्हणजे लाँचचं, १:२४ मापाचं मॉडेल करतोय. बाहेरच्या फळ्या बसवून झाल्या. मूळ होडी २३ फूट लांब, ६ फूट ९ इंच रुंद, २ फूट ९ इंच खोल. म्हणजे मॉडेल साधारण २९२ मिमी लांब आणि ८६ मिमी रुंद. लाँचच्या फळ्या कडेला कड लावून बसवलेल्या असल्यामुळे बाहेरून सांधा दिसायला नको. सागाचे रेषे या मापाला जाड दिसतात, म्हणून हेदूचं लाकूड घेतलं. बरगड्यांना बांबूच्या पट्ट्या, गरम पाण्यात भिजवून साच्यावर वाकवलेल्या.

खरा विचार करावा लागला तो होडी कोणत्या दिवसाची दाखवायची याचा. २८ एप्रिल १७८९ ला जहाजावरच्या बंडखोरांनी कॅप्टन ब्लाय आणि त्याच्या १८ माणसांना हिच्यात उतरवलं, तेव्हा काठ पाण्याच्या जेमतेम ७ इंच वर होता. आपल्या मापात साडेसात मिमीसुद्धा नाही! जलरेषा तिथे आखली आणि मगच हिच्यावर किती भार होता ते डोळ्यांना पटलं. मोकळ्या होडीची सुबक जलरेषा रंगवणं मला या लाँचवर अन्याय वाटतो.

मी ३ मे नंतरचे दिवस निवडलेत. तोफुआ बेटावर त्यांच्यातला जॉन नॉर्टन मारला गेला होता, ब्लायसकट उरले १८. ३ मेच्या वादळात लाटा आत येऊ लागल्या तेव्हा जादा कपडे, दोर, शिडं समुद्रात टाकली. सुताराच्या पेटीतली हत्यारं काढून तळाशी ठेवली आणि पेटीत ब्रेड भरला, कारण तो भिजला असता तर सगळेच संपले असते. म्हणून माझ्या तळाशी करवत, रंधा, हातोडी सुटी पडलेली असतील. मागच्या बाजूला काठ सुमारे ९ इंचांनी उंचावला होता. त्यासाठी बसायच्या फळ्या उखडून ठोकल्या होत्या, तेव्हा तिथली बाकं मी लावणारच नाही. सभोवती कापडाचा आडोसाही येईल. त्यासाठी जुन्या धोतराचं मलमल चहात रंगवून पाहतोय.

दोन डोलकाठ्या आणि लग पद्धतीची (तिरप्या आडकाठीला बांधलेली चौकोनी) शिडं शेवटी. ब्लायने ब्रेड तोलायला नारळाच्या करवंट्यांचा तराजू केला होता, वजन म्हणून पिस्तुलाची गोळी. एका वेळचा वाटा पौंडाचा पंचविसावा भाग, म्हणजे १८ ग्रॅम! हा तराजू या मापात कसा कोरावा? करवंटी मापापेक्षा मोठी दिसता कामा नये. मोहरीच्या टरफलाचा प्रयोग कुणी केला असेल तर जरूर सांगा.