मीपणाचे तीन निबंध

"डिग्री आहे, दहा वर्षं नोकरी झाली, मग आता परत परीक्षा कसली?" आप्पांनी फोनवर विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. आप्पा वीज बोर्डात लाइनमन होते. २००५ साली बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, महावितरण हे नाव आलं, पण आमच्या सांगलीच्या घरात ते आजही ‘बोर्डातून’च रिटायर झालेत. त्यांच्या हिशेबी खांबावर चढता येतं की नाही, एवढीच काय ती परीक्षा.

"परीक्षा नाही आप्पा, निबंध लिहायचेत," मी म्हणाले. त्यावर ते हसलेच.

ऑस्ट्रेलियात इंजिनिअर म्हणून यायचं असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था तुमचं शिक्षण आणि काम तपासते. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत मान्यता मिळावी म्हणून वॉशिंग्टन करार आहे; भारत त्यात पूर्ण सदस्य म्हणून आला जून २०१४ मध्ये. त्यानंतर एनबीए या आपल्याकडच्या मान्यता मंडळाची टियर-१ मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातून जे बाहेर पडले, त्यांचा रस्ता जरा सरळ आहे. माझी बी. ई. २०११ ची. म्हणजे माझ्या वाट्याला सीडीआर, आपली पात्रता आपणच दाखवून द्यायचा अहवाल. त्यात स्वतःच्या कामावरचे तीन निबंध, प्रत्येकी एक हजार ते अडीच हजार शब्दांचे, आणि त्यांच्या शेवटी एक तक्ता. शिवाय आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत किमान सहा. ते जमलं. कागदपत्रांनी मात्र घाम काढला.

पहिला घोळ नावाचा. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. आपल्याकडे कुणालाही हे बघून कळतं की बाई एकच आहे. तिकडच्या माणसाला त्या दोन बायका वाटतात. विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र दोन्ही जोडलं, तेव्हा कुठे मी एक झाले. ज्या मुली पुढेमागे बाहेर जायचा विचार करताहेत त्यांनी हे कागद आजच फाइलला लावून ठेवा.

दुसरा घोळ अनुभवाच्या पत्राचा. माझ्या जुन्या कंपनीच्या एचआरने आधी जे पत्र दिलं त्यात ‘यांची वर्तणूक चांगली होती, आम्ही त्यांना शुभेच्छा देतो’ एवढंच. वर्तणूक कुणी विचारलीय? लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ होते की नाही, नेमकं काय काम करत होते, हे सगळं हवं असतं. चार खेपा झाल्यावर मीच मसुदा टाइप करून दिला, त्यांनी सही-शिक्का मारला. शिवाय कंपनी स्वतः जे म्हणते त्याला बाहेरचा पुरावा लागतो. त्यासाठी फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक कामी आलं. पीएफ कापला जातो म्हणून दर महिन्याला कुरकुर करणारी मी, त्या पासबुकाची रंगीत प्रिंट काढताना मनातल्या मनात हात जोडत होते.

आता निबंध. पहिल्यासाठी मी विषय घेतला सातारा जिल्ह्यातल्या एका सबस्टेशनच्या अर्थ मॅटचा, म्हणजे अर्थिंगच्या जाळीचा. सबस्टेशनच्या यार्डात जमिनीखाली लोखंडी पट्ट्यांची जाळी पुरलेली असते. फॉल्ट झाला की प्रचंड करंट त्या जाळीतून जमिनीत जातो. त्या क्षणी यार्डात कुणी उभं असेल तर त्याच्या दोन पायांमध्ये, किंवा हात स्ट्रक्चरला लागलेला असेल तर हात आणि पाय यांच्यामध्ये व्होल्टेज येतं. ते जीव घेण्याइतकं चढू नये यासाठी ही सगळी खटपट. यार्डात खडी पसरलेली दिसते ती गवत उगवू नये म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. खरं कारण हे की खडीतून करंट सहजी जात नाही, त्यामुळे पायांतून जाणारा करंट कमी होतो.

आमच्या साइटवर वर हातभर मुरूम आणि खाली काळा कातळ. चार खुंट्या सारख्या अंतरावर ठोकून जमिनीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे ती करंटला किती अडवते ते, मोजतात. अंतर वाढवत नेलं की जास्त खोलवरचं कळतं. हेड ऑफिसच्या डिझाइनमध्ये पावसाळ्यानंतरचं रीडिंग धरलेलं होतं. मी मार्चमध्ये पुन्हा मोजलं, तर खुंट्यांमधलं अंतर वाढवलं की आकडे चढतच जायचे. टच व्होल्टेज, म्हणजे हात आणि पाय यांच्यामधलं ते व्होल्टेज, जाळीच्या कोपऱ्यांत सगळ्यात जास्त असतं. म्हणून गणित पुन्हा मांडून जाळीच्या कडेच्या चौकटी पाचाऐवजी तीन मीटरच्या केल्या, कुंपणालगत खोल बोअर घेऊन त्यात रॉड सोडले आणि भोवती बेंटोनाइट ही ओल धरून ठेवणारी माती भरली. मीठ-कोळशाचा जुना खड्डा मी नको म्हटला, कारण मीठ लोखंड खातं. आप्पांनी आयुष्यभर मीठ-कोळसाच भरला आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात घागरीने पाणी ओतलं. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

इंग्रजीतला तो निबंध लिहून झाल्यावर कॉलेजच्या, आता ब्रिस्बेनमध्ये असलेल्या एका सिनियरला पाठवला. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. दुसऱ्या दिवशी फाइल परत आली ती लाल खुणांनी भरलेली.

"हे ‘वी’ कोण आहे?" तिने विचारलं.

"आम्हीच की. टीम."

"टीमला व्हिसा द्यायचाय का? तू काय केलंस ते लिही."

मोजलं. दोन हजार शब्दांत एक्केचाळीस वेळा ‘वी’. आणि जिथे ‘वी’ नव्हतं तिथे ‘केलं गेलं’, ‘ठरवण्यात आलं’, ‘काम पूर्ण झालं’. म्हणजे सगळी कामं जणू आपोआप होत होती आणि मी बाजूला चहा घेत उभी होते.

मी फार विचार केला की असं का होतं. आपल्याकडे साइटवर कुणी ‘मी केलं’ म्हणत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ‘काम झालंय साहेब’, साहेब म्हणतात ‘आपण हे लावून घेऊ’, आणि त्या ‘आपण’मध्ये साहेब कधीच नसतात हे सगळ्यांना माहीत असतं. चूक झाली तरच कर्ता सापडतो: ‘हे कुणी केलं?’ एरवी ‘मी’ म्हणणं म्हणजे मीपणा, आणि त्यावर लहानपणी घरी रट्टे मिळालेले. त्यातून मी त्या साइटवर एकटी बाई. डिझाइन माझं असलं तरी मिटिंगमध्ये मी ‘आपण असं केलं तर?’ असंच म्हणायचे, म्हणजे समोरच्याला ते स्वतःचं वाटून पटकन पटायचं. ती युक्ती साइटवर चालली आणि कागदावर माझ्यावरच उलटली.

मग एकेक वाक्य धरून स्वतःला विचारत बसले: हे खरंच मी केलं का? खुंट्या हेल्परने ठोकल्या, रीडिंग मी घेतलं. बोअरची जागा मी ठरवली, बोअर मारणारा वेगळा. वेल्डिंग माझं नाही, पण सांधे तपासून दोन नापास मीच केले. असं चाळल्यावर माझ्या वाट्याला जे उरलं ते मी समजत होते त्याहून जास्त निघालं, आणि दोन ठिकाणी कमीही. ती दोन वाक्यं काढून टाकली. तयार सीडीआर विकणारी दुकानं इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत, पण हे चाळण्याचं काम ती कशी करणार? शिवाय संस्था सॉफ्टवेअर लावून नक्कल तपासते, आणि सापडलात तर अर्ज बाद होतो, वर ठरावीक काळाची बंदीही येते.

तक्त्याबद्दल थोडक्यात. निबंधातल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा, आणि प्रोफेशनल इंजिनिअरकडे असायलाच हव्यात अशा सोळा गोष्टींपुढे कुठली गोष्ट कुठल्या परिच्छेदात दिसते ते लिहायचं. जेवणाच्या टेबलावर मी निबंधाच्या कागदाचे तुकडे करून सोळा ढीग लावले होते. ‘नैतिक आचरण’ या ढिगात तीन दिवस काहीच पडेना. शेवटी ते नापास केलेले सांधे तिथे गेले.

साडेतीन महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं: व्यवसाय इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कोड २३३३११, दर्जा प्रोफेशनल इंजिनिअर. हे पत्र नोकरी देत नाही आणि परवानाही देत नाही. मी आता राहते त्या क्वीन्सलंडमध्ये तर स्वतःच्या जबाबदारीवर इंजिनिअरिंगचं काम करायला २००२ च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. ती होईपर्यंत नोंदणीकृत इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम. पण अर्थिंगचा तो निबंध वाया गेला नाही. इथे आत, पश्चिमेकडे, मैलोन्‌मैल एकाच तारेवर वीज जाते. परतीची तारच नाही, करंट जमिनीतून परत येतो. अशा १९.१ केव्हीच्या लाइनवर अर्थिंग बिघडलं की काय होईल हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. फोटो पाठवला तर आप्पांचा विश्वास बसेना. "दुसरी तार चोरीला गेली असणार," म्हणाले.

गेल्या महिन्यात हॉलमध्ये छताचा पंखा बसवायचा होता. इथे घरातलं वायरिंगचं काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं, मग घरमालकीण इलेक्ट्रिकल इंजिनिअर असो की आणखी कोणी. बल्ब तेवढा बदलायची मुभा. इलेक्ट्रिशियन शिडीवर, मी खाली, आणि व्हिडिओ कॉलवर आप्पा.

"अर्थ तपासला का बघ त्यानं."

तपासला होता. त्याने मीटरचा आकडा कॅमेऱ्यासमोर धरूनही दाखवला. जाताना टेस्टिंगचं सर्टिफिकेट दिलं, त्यावर त्याचं नाव आणि लायसन्स नंबर.

"कागदावर नाव कुणाचंय?" आप्पांनी विचारलं.

"त्याचंच."

"मग बरोबर हाय. पंखा त्यानं बसवलाय."